पोळीवरचे डाग खुडणारा पोरगा

पोळीवर तव्याचे जे काळे डाग पडतात ना, बारीक बारीक, ते आमचा पोरगा नखाने एकेक खुडून काढायचा आणि ताटाच्या कडेला ओळीने ठेवायचा. एक पोळी खायला पाऊण तास. पोळी पण आजीच्याच हातची, गरम, तूप न लावलेली, आणि डागाच्या जागी भोकं पडून चाळणी झालेली ती पोळी तो मग कोरडी खायचा, वरण नाही, भाजी नाही, काहीच नाही. मी समोर बसून बघायचो आणि माझं डोकं तापायचं. कित्येक वर्षं मी त्या डागांकडे बघून एकच शब्द बोललो, नखरे. ते नखरे नव्हते, खाण्याचा आजार होता, हे फार उशिरा कळलं. ही पोस्ट त्या एका शब्दासाठी लिहितोय, त्याच्यापायी आमची तीन-चार वर्षं गेली, आणि आज हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसंच चालू असेल तर त्यांची तरी जाऊ नयेत.

पोराला इथे गोट्या म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, बारा वर्षांचा आहे, शाळेतली पोरं वाचतील. त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला लिही, पण माझ्या ताटाचा फोटो टाकू नको. नाही टाकला.

आता नागपुरात राहून खाण्याची भीती वाटणं म्हणजे काय ते नागपूरवाल्यालाच कळेल. आपल्याकडे रविवारची सकाळ म्हणजे तर्री पोहे, पाहुणे आले की पाटोडीचा रस्सा, घरी काही कार्यक्रम असला की वडाभात नाहीतर गोळाभात, श्रावण संपायची वाट बघत बसलेली सावजीवाली मंडळी, आणि या सगळ्यावर आग्रह. घे ना बाप्पा, एवढुसं काय घेतलं, आमच्या घरचं आवडलं नाही का. प्रेमच असतं ते, मी पण असाच वाढलोय. पण गोट्या तर्रीचा वास जिन्यातून आला तरी गॅलरीत जाऊन शर्टची कॉलर नाकावर धरून उभा राहायचा. वरणात एक मोहरी दिसली की वाटी परत. भातावर सांबाराचं एक पान पडलं की सगळा भात गेला (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). तरी पाच वर्षांचा होता तेव्हा वीस-बावीस गोष्टी खायचा, मोजल्या नव्हत्या तेव्हा, नंतर बसून आठवल्या.

मग २०१९ च्या उन्हाळ्यात नात्यातलं एक लग्न होतं, मानेवाड्याकडे एका लॉनवर. पंगतीत कुणीतरी लाडाने त्याच्या तोंडात जिलबीचा तुकडा कोंबला आणि तो घशात अडकला. चेहरा निळा पडायला लागला, माझ्या मेहुण्याने पाठीत थापा मारल्या, तुकडा बाहेर आला. सगळा मिळून अर्धा मिनिट असेल. लोकांनी पाणी पाजलं, झालं झालं म्हटलं, आणि जेवणं पुढे सुरू झाली. आमच्यासाठी तो विषय तिथे संपला. त्याच्यासाठी तिथून सुरू झाला हे आम्हाला समजलंच नाही. त्यानंतर तो प्रत्येक घासाला पाणी प्यायचा, गळ्यावर बोट ठेवून गिळायचा, आणि दोन महिन्यांत खाण्याच्या गोष्टी राहिल्या नऊ. पांढरा भात, आजीची पोळी, मुरमुरे, आलूचे चिप्स, एका कंपनीचं बिस्कीट, दूध, साधा डोसा, केळं, पापड. पुढे एकदा केळ्यात काळा डाग निघाला, केळं गेलं. बिस्किटाच्या कंपनीने पुड्याचा रंग बदलला, तर तेही गेलं. मी त्याला दुकानात उभं करून सांगत होतो की अरे आत तेच बिस्कीट आहे, आणि तो नुसता मान हलवून राहिला होता. त्याच्यासाठी ते तेच नव्हतं.

बाहेरचे काय बोलायचे ते सांगायची गरज नाही पण सांगतो. सगळं खापर हिच्यावर फुटायचं. आईनेच लाडावलं, वेगळं करून देते म्हणून चालतंय, आमच्याकडे चार दिवस पाठवा, सरळ करून देतो. मी बाप असून मला कुणी एक शब्द बोलला नाही, आणि मी पण हिची बाजू घेतली नाही, उलट घरी येऊन तेच ऐकवायचो.

आणि मग ती रात्र. तो आठ वर्षांचा होता. मी ठरवलं आज दोन घास वरणभात खाल्ल्याशिवाय उठू द्यायचं नाही. आठ वाजता बसवलं, अकरा वाजले. त्याने शेवटी घास तोंडात घेतला आणि गालात धरून ठेवला, गिळेना पण आणि थुंकेना पण, आवाज नाही, नुसतं डोळ्यातून पाणी. मला वाटलं घेतला ना तोंडात, जिंकलो, जा झोप. सकाळी हिने त्याला शाळेसाठी उठवलं तर तो भात अजून गालातच होता. रात्रभर. झोपेत घशात गेला असता तर काय झालं असतं हा विचार अजूनही मला रात्री कधी कधी उठवतो. ही मला काहीच बोलली नाही, वाटीत तो भात घेतला आणि माझ्यासमोर आणून ठेवला फक्त.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. पहिल्यांनी वजनकाट्यावर उभं केलं, म्हणाले वजन तर व्यवस्थित आहे, भूक लागली की झक मारत खाईल, एक दिवस काही देऊ नका. आम्ही दिलं नाही. त्याने खाल्लंही नाही, मागितलंही नाही, दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडला. दुसऱ्यांनी जंताचं औषध आणि भुकेचं टॉनिक दिलं. टॉनिक त्याने प्यायलंच नाही, वास येत होता. दोघांचाही राग नाही माझ्या मनात, त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर त्यांना बरोबर मिळालं. वजन किती, हे विचारलं. काय खातो, हे विचारलंच नाही.

दहाव्या वर्षी पाय दुखायला लागले. तिसऱ्या मजल्यावर घर आमचं, चढताना दोनदा थांबायचा. ब्रश करताना हिरड्यातून रक्त यायचं. बाईंनी सांगितलं की वर्गात झोपतो. तेव्हा एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो आणि त्यांनी आधी एक कोरा कागद दिला. म्हणाल्या, तो जे जे खातो ते सगळं लिहा, कंपनीच्या नावासकट, आणि मागच्या बाजूला लिहा दोन वर्षांपूर्वी काय काय खायचा. हिने लिहिलं. पुढच्या बाजूला सात ओळी, खाली सगळा कागद कोरा. तो कोरा भाग बघून मला जे कळलं ते इतकी वर्षं रोज ताट बघून कळलं नव्हतं.

मग त्यांनी त्याची जुनी फाईल काढून उंची आणि वजन ग्रोथ चार्टवर मांडलं, भारतीय बालरोग संघटनेचा पाच ते अठरा वयाचा २०१५ चा चार्ट असतो तो. वजनाची रेघ ठीक. भात, चिप्स, दूध यांनी वजन राहतं, त्यावरच सगळे फसले. उंचीची रेघ मात्र दोन वर्षांपासून वाकत वाकत खाली आली होती. रक्ताचे रिपोर्ट आले, हिमोग्लोबिन ८.२, बी१२ अगदी खाली, डी पण कमी, आणि हिरड्या बघून मॅडम म्हणाल्या क जीवनसत्त्व पण कमी पडलेलं दिसतंय. दहा वर्षांच्या, दोन वेळ घरचं ताट समोर असलेल्या पोराला.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आरफिड. लांब नाव आहे, अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेचं जे मोठं पुस्तक असतं, डीएसएम, त्याच्या पाचव्या आवृत्तीत २०१३ साली हे नाव आलं. आमचा गोट्या पण २०१३ चाच. म्हणजे पोरगा आणि नाव एकाच वर्षी जन्माला आले आणि दोघांची गाठ पडायला दहा वर्षं लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी ११ मध्ये, पण आहे, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याआधी असा आजार मानायचे पण लहान बाळांचा, सहा वर्षांच्या आत सुरू होणारा, मोठ्या मुलांना नि मोठ्या माणसांना त्यात जागाच नव्हती.

मला जसं समजलं तसं सांगतो. ही मुलं साधारण तीन कारणांनी खात नाहीत. एक, काहींना भूकच जाणवत नाही, खाण्यात रसच नसतो, आठवण करून द्यावी लागते. दुसरं, चव, वास, रंग, गिळगिळीतपणा, कुरकुरीतपणा हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं, म्हणजे आपल्याला जो कोथिंबिरीचा वास तो त्यांना नाकात कुणी बोट घातल्यासारखा. तिसरं म्हणजे भीती, घास अडकेल, उलटी होईल, पोट दुखेल. एकाच मुलात दोन-तीन कारणं मिसळलेली असू शकतात, गोट्याचं दुसरं जन्मापासून होतं आणि लग्नात तिसरं येऊन बसलं. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, सतत चुळबुळ) किंवा खूप चिंता करायचा स्वभाव असलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं पण हे काहीच नसलेल्या मुलांनाही होतं.

आणि बारीक व्हायचंय म्हणून जेवण तोडणं, आरशात स्वतःला जाड बघणं, तो वेगळा आजार, अॅनोरेक्सिया. तो पण भयंकर आहे, जीव घेतो, आणि आपल्याकडे परीक्षेचं टेन्शन नाहीतर उपवास म्हणून झाकला जातो, त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. आरफिडमध्ये वजनाचा नि दिसण्याचा विचारच नसतो. गोट्याला तर उलट उंच आणि दणकट व्हायचंय, क्रिकेट खेळायचंय.

एक गोष्ट मला फार टोचली होती. एका नातेवाईकाने तोंडावर म्हटलं की मेळघाटात लेकरांना खायला नाही म्हणून मरतात आणि तुमच्या पोराला मिळतं तर खात नाही. मी खाली मान घालून ऐकलं. नंतर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, घरात अन्न नाही म्हणून उपाशी राहणाऱ्या लेकराला हे निदान लावतच नाहीत, व्याख्येतच तसं लिहिलंय, धर्माचे उपास आणि चालीरीतीसुद्धा त्यात धरत नाहीत. त्या लेकराला अन्न द्यायला पाहिजे आणि ह्याला उपचार. रक्त दोघांचंही कमीच होतं.

सगळीच खाण्यात कटकट करणारी मुलं आजारी नसतात हे पण सांगायला पाहिजे, उगाच घाबरू नका. दोन ते सहा वर्षांत बहुतेक मुलं नवीन काही बघितलं की तोंड फिरवतात आणि हळूहळू ते ओसरतं. लक्ष द्यायचं ते तेव्हा, जेव्हा यादी वाढायच्या ऐवजी घटत जाते, सोडलेली गोष्ट परत येत नाही, वाढ थांबते, रक्त कमी होतं, पावडरच्या दुधावरच सगळं चालतं, किंवा मुलगा खाण्यापायी वाढदिवसाला, सहलीला, मावशीकडे जायचंच टाळतो. यातलं एकही असलं तरी दाखवा. वजन चांगलं आहे म्हणून थांबू नका.

वजनावरून आठवलं. निदान झाल्यावर मी रात्र रात्र वाचत बसायचो तेव्हा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका मुलाची केस वाचली, २०१९ साली तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी छापलेली. प्राथमिक शाळेपासून तो फ्राइज, चिप्स, पांढरा ब्रेड, थोडं प्रोसेस्ड मांस एवढंच खायचा. चौदाव्या वर्षी थकवा म्हणून दाखवलं, बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं दिली, पुढे ती सुटली. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याची नजर गेली, कायमची. उंची वजन सगळं नॉर्मल होतं त्याचं. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि गोट्याच्या खोलीत जाऊन लाईट लावून त्याला उठवून विचारलं, तुला नीट दिसतं ना रे. तो म्हणाला बाबा झोपू दे ना.

उपचारात आधी शरीर. बी१२ ची इंजेक्शनं, लोह, बाकीची जीवनसत्त्वं. इथे एक महत्त्वाचं, मूल फारच खंगलं असेल, कित्येक दिवस जवळपास उपाशी असेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फरस झपकन खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं, अशा मुलाला दवाखान्यात ठेवून, रक्त तपासत तपासत हळूहळू वाढवावं लागतं. गोट्या त्या टोकाला नव्हता.

मग काउन्सेलर. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मानसशास्त्रज्ञांनी आरफिडसाठी खास सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी हळूहळू बदलायची उपचारपद्धत, बसवली आहे, दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, वीस ते तीस सेशनची, आमच्या काउन्सेलर तीच धरून चालतात. पण पहिल्या दिवशी त्यांनी गोट्याला बाहेर बसवलं आणि आम्हाला दोघांना आत घेतलं. उद्यापासून ताटावर बोलणं बंद. एक घास अजून, बंद. संपवलं तर मोबाईल, बंद. दुसऱ्या मुलांशी तुलना, बंद. जे तो खातो ते त्याला रोज मिळालंच पाहिजे, त्यात गुपचूप काही मिसळायचं नाही, भातात गाजर किसून लपवलं आणि त्याला कळलं तर भात पण जाईल. हिने हे आधी केलं होतं, पोळीत पालकाची प्युरी, म्हणून ती रडायला लागली. मी पहिल्यांदा तिचा हात धरला तिथे.

अडकायच्या भीतीसाठी त्यांनी फळ्यावर गळ्याचं चित्र काढलं, गिळताना श्वासनलिकेवर झाकण कसं पडतं ते. गोट्याने ते वहीत उतरवून घेतलं, रंगवलं, आणि आठवडाभर जेवताना वही उघडी ठेवायचा.

नवीन पदार्थ कुठला घ्यायचा ते त्याने ठरवायचं होतं. त्याने संत्रं सांगितलं. आम्हाला नवल वाटलं, पण तो म्हणाला नागपूरचा असून संत्रं खात नाही म्हणून पोरं हसतात. फेब्रुवारी होता, मृग बहाराची संत्री आलेली. पहिले दोन दिवस संत्रं टेबलाच्या त्या टोकाला नुसतं ठेवलं. मग हातात. मग सोलायचं, हाताला वास राहू द्यायचा, लगेच धुवायचा नाही. मग एक फोड घेऊन तिच्या शिरा काढायच्या, वरचा पापुद्रा सोलायचा, आतले ते थेंबासारखे दाणे मोकळे करायचे. पोळीचे डाग खुडणारी तीच बोटं, तेच लक्ष. मी समोर बसलो होतो आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा वेळ काढत नव्हता कधीच, हा आपल्या परीने ते अन्न खाण्याजोगं करून राहिला होता. मग ओठाला लावणं, मग जिभेला, मग चावून पेपर नॅपकिनमध्ये थुंकणं, थुंकायची पूर्ण परवानगी. रोज पाच-दहा मिनिटं, त्याच्या वर नाही. सहा आठवड्यांनी त्याने एक दाणा गिळला. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, काउन्सेलरनी बजावलं होतं. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

आता जे जमलं नाही ते. आम्हाला हे सगळं एका जागी मिळालं नाही. बालरोगतज्ज्ञ धंतोलीत, काउन्सेलर रामदासपेठेत, डाएटिशियन तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी सगळी गोष्ट पहिल्यापासून पोरासमोर सांगायची, तो मान खाली घालून बसलेला. हे लोक आपसात एक फोन करतील, एक कागद पाठवतील तर किती सोपं होईल. माझ्यासारख्याला हाफ डे टाकता येतो, रोजंदारीवाल्याने काय करायचं. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, नागपुरातली ही तीन सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत, तिथल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की या दोन ओपीडींनी अशा मुलांसाठी महिन्यातून एक दिवस तरी एकत्र बसावं. आणि प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने तो कोरा कागद द्यावा. त्याला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही.

शाळांना पण सांगायचंय. डबा संपवणाऱ्याला स्टार देऊ नका, न संपवणाऱ्याला उभं करू नका. गोट्याचा डबा रोज सारखाच असतो, मुरमुरे आणि डोसा, आणि नवीन बाई त्यावर एक अक्षर बोलत नाहीत म्हणून तो आता तो डबा वर्गात बसून खातो, आधी बाथरूमजवळ जाऊन खायचा.

कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेली मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. हिने एकदा रात्री फोन केला होता, पोरासाठी नाही, स्वतःसाठी.

यादी आता फ्रिजवर लावलेली असते, चौदा आहेत. शेवटची दोन नावं त्याने स्वतः लिहिली आहेत, संत्रं (पापुद्रा काढून) आणि टोस्ट. हिमोग्लोबिन ११ च्या वर आलंय. उंचीची रेघ वर वळली आहे पण मागची तूट भरून निघेल का ते मॅडम पण आत्ता सांगत नाहीत. मध्येच परीक्षेच्या वेळी दोन गोष्टी परत गेल्या होत्या, एक आली, एक नाही आली. वांगी, भेदरं (टोमॅटो), तर्री यांचा तर विषयच काढत नाही आम्ही.

मागच्या महालक्ष्म्यांना माझ्या मोठ्या ताईकडे जेवायला होतो, नागपुरातल्या महाल भागात. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, पंचवीस पानं. हीच ताई दरवर्षी म्हणायची की देवीचा प्रसाद नाही म्हणायचा नसतो, आणि आम्ही तीन वर्षं जाणंच टाळलं होतं. या वेळी तिचा आदल्या दिवशी फोन आला, म्हणाली, त्याच्यासाठी तांदूळ कुठला शिजवू, तुमच्याकडचाच पाठव थोडा. गोट्या पंगतीत माझ्या शेजारी बसला. ताई वाढायला आली, त्याच्या पानात पांढरा भात आणि एक पापड ठेवला, आणि आंबिलीची छोटी वाटी पानाच्या बाहेर, जरा लांब. त्याने वाटी उचलली, नाकाजवळ नेली, थोडा वेळ धरली, मग मान हलवून परत होती तिथे ठेवली. ताई पुढच्या पानाकडे वळली होती.